मर्यादेयं विराजते

मूळ कागदावर शाईत बुडून मेलेली एक माशी चिकटलेली होती, म्हणून ज्या नकलनवीसाने मोठ्या खटपटीने दुसरी माशी मारून आपल्या प्रतीत नेमक्या त्याच जागी चिकटविली, त्याची टवाळी ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ या म्हणीच्या रूपाने सारा महाराष्ट्र आजवर करीत आला आहे. परंतु ज्याने छत्तीस वर्षे धुळ्याच्या एका कचेरीत दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला करण्यात घालविली, आणि त्या अवधीत ज्याच्या हातून एकही माशी गळली नाही असे त्याचे वरिष्ठ निरोपसमारंभात गहिवरून म्हणाले, त्या माझ्यासारख्याला तो माणूस हास्यास्पद न वाटता गुरुस्थानी वाटतो, हे आरंभीच नमूद करून ठेवतो.

हा खुलासा ऐंशी उलटून गेल्यावर करण्याचे कारण माझी नात होय. मी १९६२ साली नोकरीस लागलो, आणि १९९८ साली, म्हणजे ज्या वर्षी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळे काढण्यात आले त्याच वर्षी, शासनाने मलाही सेवेतून वेगळे काढले. तेव्हापासून माझे अक्षर किराण्याच्या यादीखेरीज कोणाच्या उपयोगी पडलेले नव्हते. नात जळगावच्या एका महाविद्यालयात संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यास शिकविते. चोपडा, यावल, पारोळा, अमळनेर अशा तालुक्यांतून तिच्याकडे येणारी मुले बुद्धीने तल्लख असली तरी इंग्रजी ग्रंथाच्या दुसऱ्या पानावर त्यांची गाडी, भुसावळच्या यार्डात मालगाडी अडकावी तशी अडकते. म्हणून तिने मराठीत एक अभ्यासपुस्तिका रचावयाचे योजिले, आणि “आजोबा, कोड मी देते, त्याच्या आगेमागचं मराठी तुम्ही लिहा,” असा हुकूम फोनवरून बजावला. कोड या शब्दाचे आजवर मला दोनच अर्थ ठाऊक होते, एक त्वचेवर उठते ते आणि दुसरे नातवंडांचे पुरवावयाचे ते. तिसरा अर्थ दुसऱ्याचे बोट धरून घरात शिरला.

पुस्तिका ‘मार्कडाउन’ नावाच्या पद्धतीने लिहावयाची होती. कापडदुकानाच्या दारावर जत्रेच्या सुमारास लागणाऱ्या पाटीची आठवण करून देणारे हे नाव ऐकून मी प्रथम जरा साशंक झालो. परंतु जॉन ग्रुबर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने २००४ साली, ॲरन स्वार्ट्झ या अवघ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या या पद्धतीमागील विचार समजावून घेतल्यावर माझे मन निवळले. मजकूर साध्या टंकलेखनासारखा लिहावा. शब्दाच्या दोहो अंगांस एकेक तारका दिली की छापताना यंत्राने तो तिरपा करावा, दोन-दोन दिल्या की ठळक करावा. ओळीच्या आरंभी हॅश नावाची उभीआडवी चौकट काढली की त्या ओळीचे शीर्षक व्हावे. आणि ही सारी चिन्हे इतकी बेताची असावीत की न छापता नुसता कागद वाचला तरी ती डोळ्यांस खुपू नयेत, असा हा सोज्ज्वळ बेत आहे. ज्याने जन्मभर समासात शेरे आणि शब्दांखाली रेघा मारल्या, त्यास यात अवघड ते काय वाटावे? मी फोनवरच तसे म्हणालो. नात काही बोलली नाही. तिचा स्वभाव तिच्या आजीवर गेला आहे.

आमच्या प्राथमिक शाळेत परिच्छेदाच्या आरंभी दोन बोटे जागा सोडण्याची शिस्त गुरुजींनी बोटांवरच पट्टी मारून शिकविली होती, आणि ती बोटे अद्याप ती शिस्त विसरलेली नाहीत. संगणकावर दोन बोटांचे माप घेता येत नाही. मी अदमासाने मोकळ्या जागेची लांब पट्टी चार वेळा दाबली की माझ्या मनाचे समाधान होई. या हिशेबाने मी आठ परिच्छेदांची एक प्रस्तावना लिहिली, तिच्यात खानदेशातील विद्यार्जनाच्या परंपरेचा यथाशक्ती गौरव केला, आणि ती जळगावास रवाना केली. आता योगायोग असा की, ज्या ओळीच्या आरंभी चार मोकळ्या जागा असतील ती ओळ लेखकाचे बोलणे नसून कोड आहे असे समजावे, हा मार्कडाउनचा मूळचा कायदा आहे. आणि कोडच्या ओळी यंत्र आपल्या मर्जीने मोडीत नाही, लेखकाने जेथे मोडल्या असतील तेथेच त्या मोडतात. परिणामी माझा प्रत्येक परिच्छेद एका करड्या पेटीत टंकलेखनयंत्राच्या ठोकळेबाज अक्षरांत उभा राहिला, आणि त्याची एकच एक ओळ पडद्याची उजवी कड ओलांडून, धुळ्याहून सुटलेल्या एस.टी.प्रमाणे पारोळा, एरंडोल मागे टाकीत अदृश्य प्रदेशाकडे धावत सुटली.

“आजोबा,” नात म्हणाली, “तुमची सगळी प्रस्तावनाच कोड झाली आहे.”

“लाडकोड,” मी म्हणालो. पण ती हसली नाही.

मग मी तिच्या सूचनेबरहुकूम साऱ्या कागदातील ओळींच्या आरंभीच्या मोकळ्या जागा एकजात छाटून टाकल्या, आणि येथे दुसरा प्रमाद घडला. तिची उदाहरणे पायथन या भाषेत होती. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९९१ साली ही भाषा प्रथम जगापुढे ठेवली, आणि तिचे नाव अजगरावरून नसून इंग्लंडातील एका विनोदी नटमंडळीवरून घेतलेले आहे, ही माहिती मला फार उशिरा, म्हणजे मी त्या प्रकरणास अजगराची उपमा देऊन चुकल्यावर, मिळाली. तर या भाषेचे वैशिष्ट्य असे की, अन्य भाषा जे काम कंसांकडून करून घेतात ते ही ओळीच्या आरंभीच्या मोकळ्या जागेकडून करून घेते: कोणती ओळ कोणत्या अटीच्या ताब्यात आहे, हे ती किती आत सरकून बसली आहे यावरून ठरते, आणि तिच्या वापराच्या रूढ शिष्टाचाराप्रमाणे हे सरकणेही पुन्हा चारच जागांचे. जळगावकडील बागाईतदार केळीचे एक खोड दुसऱ्यापासून पाच फुटांवर ज्या काटेकोरपणाने लावतो आणि त्या अंतराला ‘रिकामी जमीन’ म्हणणाऱ्याकडे ज्या नजरेने पाहतो, तो काटेकोरपणा आणि ती नजर या भाषेच्या उपासकांतही आढळते. मी ती सारी बाग मोकळ्या जागांसकट सपाट केली होती. त्यातून मार्कडाउनचा आणखी एक नियम असा की, लागोपाठच्या ओळी लेखकाने वेगवेगळ्या लिहिल्या असल्या तरी मध्ये कोरी ओळ नसेल तर त्या एकाच परिच्छेदात ओतावयाच्या. त्यामुळे दहा ओळींची आज्ञावली एका सलग वाक्यासारखी वाहू लागली, आणि शब्दांमध्ये अंतर न ठेवता, विरामचिन्हांना न जुमानता, आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढून मग तिला अक्षरे लोंबकळविणाऱ्या मोडी कारकुनाची मला प्रेमाने आठवण झाली.

म्हणजे जेथे मी शिष्टाचार म्हणून जागा सोडतो तेथे तिला कोड समजावयाचे, आणि जेथे जागा हेच कोडचे व्याकरण तेथे ती गिळून टाकावयाची. मी हा मुद्दा लेखी उपस्थित केला. त्यास उत्तर आले नाही.

तथापि या साऱ्याहून गंभीर प्रकरण केळीच्या हिशेबाचे. मुलांना गुणाकार समजावा म्हणून नातीने एका शेतकऱ्याची पाच शेते, प्रत्येक शेतात चाळीस ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा खोडे असे उदाहरण योजिले होते; संगणकाच्या जगात गुणाकाराची फुली तारकेने दाखवितात, म्हणून मी स्वच्छपणे ५*४०*१२ असे लिहिले. कोणीही शाळकरी पोर याचे उत्तर दोन हजार चारशे देईल. परंतु दोन तारकांच्या मध्ये सापडलेले ‘४०’ पाहून यंत्राला वाटले की लेखकास ते चाळीस विशेष जोर देऊन उच्चारावयाचे आहेत. त्याने तारका आपले काम झाले म्हणून रजेवर पाठविल्या, चाळिसाला तिरपे केले, आणि पानावर ५४०१२ ही संख्या, मध्यभागी किंचित कलून, विराजमान झाली. दोन तारकांच्या लोपाने एका गरीब कुळंब्याची बाग बावीसपटीहून अधिक वाढली. हा आकडा पीकविम्याच्या पंचनाम्यात उतरला असता तर पुढे काय काय झाले असते, याची कल्पना ज्यांनी पंचनामे पाहिले आहेत त्यांनी करावी.

एका ओळीच्या आरंभी नातीने वाचणाऱ्यासाठी हॅश देऊन ‘येथे उधारी वजा करावी’ अशी बारीकशी टीप लिहिली होती. पायथनमध्ये हॅशनंतरचे बोलणे हे मनातल्या मनात पुटपुटणे असते, यंत्र त्याकडे लक्ष देत नाही. मार्कडाउनमध्ये तेच चिन्ह चौघडा वाजविते. ‘येथे उधारी वजा करावी’ ही अक्षरे निवडणुकीच्या फलकाच्या मापाने पानावर प्रकट झाली. पुढे ‘इनिट’ नावाचा एक शब्द होता, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खालच्या रेघा हे त्याचे कवचकुंडल. ते यंत्राने काढून घेतले आणि मोबदल्यात त्याला जाड केले. कर्णाची कथा मला या ठिकाणी आठवली, पण मी पूर्वीच्या अजगरामुळे सावध झालो होतो.

अखेर एका रविवारी नात स्वतः धुळ्यास आली, माझ्या शेजारी बसली आणि तिने माझी उजवी तर्जनी धरून कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात, एक या आकड्याच्या पलीकडे, उंबऱ्याबाहेर बसविलेल्या पाहुण्यासारख्या एका कळीवर नेऊन ठेवली. तीवर एक बारीकसा तिरका फटकारा होता. मी तो आजवर धूळ समजून पुसत आलो होतो. त्याचे नाव बॅकटिक. आपण त्यास उलट टिचकी म्हणू या. मला ‘पश्चट्टिका’ हाही शब्द सुचला होता, पण तो नातीपुढे उच्चारण्याचा धीर झाला नाही. फ्रेंच वगैरे भाषांत अक्षराच्या डोक्यावर बसणारा हा स्वराघात टंकलेखनाच्या जगात पोटापाण्यासाठी आला आणि डोके हरवून नुसताच उरला, असा त्याचा थोडक्यात इतिहास आहे. देवनागरीच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत त्याच कळीवर ऱ्हस्व ओकाराची मात्रा बसविलेली आहे, की जी द्राविडी भाषांस लागते आणि मराठीस मुळीच लागत नाही. म्हणजे दोन्ही राजवटींत ती कळ आमच्या दृष्टीने फाजीलच. एखाद्या शब्दापुरते कोड असेल तर त्याच्या दोहो बाजूंस एकेक टिचकी द्यावी. ५*४०*१२ हे टिचक्यांच्या मध्ये ठेवले की तारका जागच्या जागी राहतात आणि शेतकरी आपल्या दोन हजार चारशे खोडांवर सुखाने परत येतो. आणि अनेक ओळींचे कोड असेल तर त्याच्या वर एका स्वतंत्र ओळीत तीन टिचक्या, खाली एका स्वतंत्र ओळीत तीन टिचक्या. या दोन ओळींना कुंपण म्हणतात. ग्रुबरच्या मूळ पद्धतीत हे कुंपण नव्हते, तेथे चार जागांचाच कारभार होता. कुंपण पुढे इतरांनी घातले, आणि शेतीत ज्याप्रमाणे बांधाची गरज पहिल्या भांडणानंतर पटते त्याप्रमाणे ते सर्वांना पटले.

कुंपणाच्या आत यंत्र हात लावीत नाही. तारका तारका राहते, हॅश हॅश राहतो, मोकळी जागा मोकळी राहते, शब्द चुकीचा असेल तर चुकीचाच राहतो. नात हे सांगत असता माझा कंठ दाटून आला. बाहेर सर्व मजकुराचे जळगावी भरीत होत असता, आत वांगे देठासकट सुरक्षित! छत्तीस वर्षे ज्या कागदांच्या तळाशी मी ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारला त्या शिक्क्याचा सारा भावार्थ तीन फटकाऱ्यांत कोणी सांगितला असेल तर तो याच पद्धतीने. मूळ कागदात तलाठ्याने ‘विहीर’ हा शब्द ऱ्हस्व लिहिला असेल तर नकलेतही ती विहीर ऱ्हस्वच राहिली पाहिजे. ती दीर्घ करण्याचा मोह नवशिक्याला होतो, आणि तो आवरण्यात पहिली दहा वर्षे जातात. माझ्या बाबतीत हा मोह विशेष तीव्र होता, कारण मी नोकरीस लागलो त्याच १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने मान्य केले, आणि शाळेत मार खाऊन शब्दांच्या डोक्यावर ठेवावयास शिकलेले अनुस्वार मला एका परिपत्रकान्वये उतरवून ठेवावे लागले. मात्र जुन्या कागदाची नक्कल करताना ते पुन्हा चढवावयाचे. एकाच टेबलावर सकाळी सानुस्वार आणि दुपारी निरनुस्वार होण्याची सवय ज्यास आहे, त्याला कुंपणाच्या आत एक कायदा आणि बाहेर दुसरा, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

धुळ्याच्या मनुष्यास तर मुळीच नाही. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जने येथे जिल्ह्याचे ठाणे केले आणि आखीव रस्त्यांची पेठ वसविली. आज आमच्या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत, आणि ‘चौथ्या गल्लीत राहतो’ असे सांगितले की समोरच्याला पत्ता कळतो. संगणकवाले आपल्या कोडच्या डाव्या कडेला ओळींचे क्रमांक घालतात हे पाहून नातीच्या विद्यार्थ्यांना नवल वाटले असेल; मला आपल्या गावाचा नकाशा पाहिल्यासारखे वाटले.

आणि जागा सोडण्याचे शास्त्र तर येथे फारच जुने. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास केवळ लेखनक्रियेस दिला आहे, आणि त्यात ग्रंथ कसा लिहावा याचे जे नियम घातले आहेत ते वाचून कोणाही आधुनिक मुद्रकाने कान पकडावेत: अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, वरच्या ओळीची मात्रा खालच्या ओळीस भिडू नये, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, आणि कागदाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, ती अशासाठी की पुढे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षरास झळ लागू नये. समास हा शोभेसाठी नसून झिजण्यासाठी असतो, हा विचार मला ग्रुबरच्या चार मोकळ्या जागांपेक्षा पुष्कळ खोल वाटतो. शंकर श्रीकृष्ण देव यांनी आयुष्य वेचून रामदासी बाडांचा जो संग्रह जमविला तो आमच्या धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे, आणि तेथेच समर्थांच्या हातची म्हणून वाल्मीकिरामायणाची एक प्रत जपलेली आहे. ज्याला पुढे स्वतः इतके लिहावयाचे होते त्याने आरंभी दुसऱ्याचे इतके मोठे काव्य अक्षरशः उतरून काढावे, ही गोष्ट मी कचेरीतील प्रत्येक नव्या उमेदवारास सांगत असे. उमेदवार ऐकून घेत आणि बदलीसाठी अर्ज करीत.

येथपर्यंत वाचून कोणाचा असा समज होईल की कुंपण सापडल्यावर माझा मार्ग निष्कंटक झाला. वस्तुस्थिती अशी की, यंत्र जेथे सुधारणा करण्याचे थांबले तेथे मी सुरू केली. नातीने पाठविलेले कोड मी कुंपणाच्या आत स्वहस्ते उतरून काढीत असे, कारण आयते डकविणे हे माझ्या पेशाला कमीपणा आणणारे वाटे. आणि उतरताना माझ्या असे ध्यानात आले की एकाही ओळीच्या अखेरीस पूर्णविराम नाही. इतके शिकलेली मुलगी, पण वाक्य संपविण्याची तमा नाही! मी काही न बोलता, तिची चूक चारचौघांत उघडी पडू नये म्हणून, एकशे बारा ओळींना एकशे बारा पूर्णविराम दिले. चोपड्याच्या मुलांनी ते कोड संगणकास दिले तेव्हा त्याने पहिल्याच ओळीवर बसकण मारली. नात त्या दिवशी फोनवर जे बोलली त्याची नक्कल मी देत नाही.

माझ्या समर्थनार्थ एवढेच म्हणेन की हा रोग मोठ्यामोठ्यांना झाला आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापली, १९२६ च्या अखेरच्या दिवशी ते धुळ्यातच निवर्तले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आज येथे त्यांचे दफ्तर सांभाळते. त्या रुमालांतील कागद वाचणाऱ्यास पहिला धडा हाच मिळतो की जुन्या कारकुनाचे व्याकरण सुधारावयास आपण बसलेलो नाही. उलट बाजूस जळगावकडे पाहावे. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या तोंडच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी उतरवून ठेवल्या, आणि त्या १९५२ साली, बहिणाबाई निवर्तल्यावर, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने छापून निघाल्या. उतरून घेणाराच्या ठिकाणी माझ्यासारखा कोणी असता, आणि त्या बोलीतील प्रत्येक रूप पुण्याच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे नीट करून त्याने प्रत्येक चरणास पूर्णविराम दिला असता, तर आज ज्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे त्याला दुसरे एखादे शोधावे लागले असते.

बोलीवरून आठवले. कुंपणाच्या वरच्या तीन टिचक्यांना लागून आतील कोड कोणत्या भाषेतील आहे ते लिहिण्याची सोय असते; ‘पायथन’ असे रोमन लिपीत लिहिले की यंत्र क्रियापदे निळी, अवतरणे हिरवी वगैरे रंगरंगोटी करून देते. मी एकदा कुतूहलाने तेथे ‘मराठी’ असे लिहून आत दोन ओळी घातल्या; रंग आला नाही. तेवढ्यात शेजारच्या मावशी वाटीभर शेवभाजी घेऊन आल्या आणि “तात्या, काय करी ऱ्हायनात?” असे त्यांनी विचारले, म्हणून वर ‘अहिराणी’ लिहून मी तेच वाक्य आत ठेवून पाहिले. तेही काळेच राहिले. मात्र मावशींनी ते वाचले, पदराने डोळे पुसले, आणि आपले बोलणे प्रथमच चौकटीत पाहिले असे त्या म्हणाल्या. शेवभाजीचा रंग पुरेसा लाल होता.

कुंपणाच्या आतील टंकही असा की प्रत्येक अक्षराने सारखीच जागा घ्यावी. रोमन अक्षरे हे निमूटपणे मान्य करतात, पण आमचा ‘क्ष’ पसरून बसतो, वेलांटी शेजारच्याच्या अंगावर पाय टाकते, आणि नातीने मोठ्या हौसेने आखलेला केळीच्या भावाचा तक्ता, ज्यात सारे आकडे एकाखाली एक यावयाचे होते, तो आठवडेबाजारातील रांगेसारखा दिसू लागतो. याला उपाय नाही. मी शोधलाही नाही. देवनागरीचा एवढा बाणेदारपणा मला बरा वाटला.

पूर्णविरामांचे प्रकरण शमले न शमले तोच कुंपणाने स्वतः मला दगा दिला, किंवा मी त्यास. पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणात मी वरच्या तीन टिचक्या दिल्या, कोड उतरले, आणि तेवढ्यात वीज गेल्यामुळे की चहा आल्यामुळे, खालच्या तीन द्यावयाचे राहून गेले. नियम असा आहे की उघडलेले कुंपण बंद न केल्यास कागद संपेपर्यंत सारेच कोड समजावे. माझे स्पष्टीकरण, चौथे प्रकरण, मुलांसाठीचे प्रश्न, नातीच्या प्राचार्यांचे आभार आणि तळाशी माझे नाव, एवढे सर्व करड्या पेटीत जाऊन पडले. त्या रात्री मला झोप येईना, आणि तेव्हा एकाएकी आठवले ते शिवछत्रपतींचे पत्र. आरंभी अष्टकोनी राजमुद्रा, मग मजकूर, आणि मजकूर जेथे संपला तेथे अगदी लागून ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा, अशासाठी की तिच्याखाली कोणा उपद्व्यापी कारकुनाने एखादे गाव वा एखादा हक्क मागाहून घुसडू नये. पेशवाईतही ‘मोर्तब सुद’ म्हटल्यावाचून पत्र सुटत नसे. दफ्तरखान्याला जे साडेतीनशे वर्षांपूर्वी ठाऊक होते ते विसरून मी उघडी चिठ्ठी रवाना केली होती! मी उठलो, दिवा लावला आणि भिंतीवरील दिनदर्शिकेच्या कोऱ्या जागेत मोठ्या अक्षरांत ‘मर्यादेयं विराजते’ असे लिहून ठेवले. सौभाग्यवतींनी सकाळी ते वाचून दूधवाल्याचा हिशेब कोठे गेला अशी पृच्छा केली.

नातीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की याविषयी विद्वानांतही एकवाक्यता नव्हती. ग्रुबरने नियम थोडक्यात सांगून टाकल्यामुळे ज्याने त्याने आपापल्या परीने अर्थ लावला, आणि एकच मजकूर दहा यंत्रांत दहा प्रकारे छापला जाऊ लागला. म्हणून २०१४ साली काही जाणत्यांनी, ज्यांत जॉन मॅकफार्लेन हे बर्कली येथील चक्क तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, एक सविस्तर संहिता केली, तिला ‘स्टँडर्ड मार्कडाउन’ म्हटले, ग्रुबरने नावास हरकत घेतली, आणि काही दिवसांतच तिचे ‘कॉमनमार्क’ असे पुन्हा बारसे करावे लागले. त्या संहितेत सहाशेहून अधिक उदाहरणे आहेत. मला त्या मंडळींविषयी एकदम आपुलकी उत्पन्न झाली. आमच्या महामंडळाने १९६२ च्या चौदा नियमांत १९७२ साली आणखी चार घालून गीतेच्या अध्यायांइतकी संख्या भरविली, आणि तरीही ‘आणि’चा ‘णि’ ऱ्हस्व का यावर माझ्या परिचयाचे दोन निवृत्त मुख्याध्यापक तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. ऱ्हस्वदीर्घाऐवजी मोकळ्या जागा आणि टिचक्या यांवरून भांडणारे लोक अमेरिकेत आहेत, ही वार्ता मी दोघांनाही स्वतंत्रपणे कळविली.

तर पुस्तिका पूर्ण झाली. शेवटच्या प्रकरणात मी कोडच्या एकाही ओळीस पूर्णविराम दिला नाही. परिच्छेदांच्या आरंभी जागा सोडली नाही. ५*४०*१२ टिचक्यांच्या बंदोबस्तात ठेवले. आणि दिनदर्शिकेकडे पाहून, कुंपण न विसरता बंद केले. त्याखाली विद्यार्थ्यांस चार शब्द आशीर्वादाचे लिहिले आणि कागद जळगावास धाडला. तासाभराने फोन वाजला. आशीर्वाद करड्या पेटीत गेला होता.

“अशक्य,” मी म्हणालो. “मी तीन टिचक्या स्वतः मोजून दिल्या.”

“दिल्यात, आजोबा. पण त्यांच्यापुढे काय दिलंत?”

मी चष्मा लावून पाहिले. बंद करणाऱ्या टिचक्यांच्या ओळीत टिचक्यांवाचून दुसरे काहीही चालत नाही, असे त्या सहाशे उदाहरणांत कोठेतरी सांगितलेले आहे; आणि मी, कोडच्या आत तो नको हे मान्य करूनही, कोड जेथे संपते तेथे निदान माझे म्हणणे तरी रीतसर संपावे या सद्भावनेने, तिसऱ्या टिचकीला लागून एक पूर्णविराम ठेवला होता. तो मी काढून टाकला आहे, आणि दिनदर्शिकेवर तशी पुस्तीही जोडली आहे. सदरहू लेखाच्या अखेरीसही, केवळ खबरदारी म्हणून, तो देण्याचे टाळीत आहे